बॉम्बे रक्तगट निघाला, आता पुढे काय? कोकणातील कुटुंबांसाठी मार्गदर्शक

रक्तगटाच्या कार्डावर वर्षानुवर्षे 'ओ पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते, शस्त्रक्रियेची तारीख ठरते, जुळवणीसाठी रक्तपेढीत नमुना जातो आणि तेथून निरोप येतो की पेढीतील ओ गटाची एकही पिशवी या रुग्णाला जुळत नाही. बॉम्बे रक्तगटाची ओळख बहुतेक घरांना अशीच, नको त्या वेळी होते. आमच्या घरी ती धाकट्या बहिणीच्या गरोदरपणात झाली. त्यानंतर रक्तपेढ्या, तपासणी केंद्रे आणि मुंबईतील संदर्भ प्रयोगशाळा यांच्याशी बोलताना जे समजत गेले, ते येथे क्रमाने मांडले आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. त्यांच्यापर्यंत योग्य कागद आणि योग्य माहिती घेऊन वेळेत कसे पोहोचावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. हा गट नेमका काय आहे ते आधी समजून घ्या

ओ गटाच्या माणसाच्या लाल पेशींवर काहीच नसते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या पेशींवर एच नावाचा प्रतिजन, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ओळखीची खूण, भरपूर असतो. ए आणि बी हे प्रतिजन या एचवरच घडतात; ज्याच्याकडे ए किंवा बी घडवणारे जनुक नाही, त्याचा एच तसाच राहतो आणि तो माणूस ओ गटाचा ठरतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे मुळात हा एचच नसतो. परिणामी त्याच्या शरीरात ए आणि बी यांच्याबरोबरच एचविरुद्धही प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असतात, आणि ती शरीराच्या तापमानाला जोमाने काम करतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त चढवले, तर त्या लाल पेशी रक्तवाहिन्यांमध्येच फुटू लागतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत, कधी मृत्यूपर्यंत, मजल जाऊ शकते.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये या गटाचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला बॉम्बे हे नाव मिळाले. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो असे मानले जाते. युरोपात तो याहून कितीतरी दुर्मीळ आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतही या गटाची माणसे आहेत, त्यामुळे 'आपल्याकडे असे काही नसते' हे उत्तर कोणी दिले तर ते मान्य करू नका.

हा आजार नाही, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावी. या माणसांची प्रकृती इतरांसारखीच असते, त्यांना कोणतेही पथ्य किंवा औषध लागत नाही. रक्त घेण्याची वेळ आली तरच अडचण उभी राहते.

२. निदान कागदावर पक्के करून घ्या

गावोगावच्या शिबिरांत आणि छोट्या प्रयोगशाळांत रक्तगट काचपट्टीवर पाहतात. रक्ताच्या थेंबात ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव टाकल्यावर गुठळ्या झाल्या नाहीत, की गट ओ म्हणून लिहिला जातो. बॉम्बे गटाचे रक्तही या तपासणीत अगदी ओसारखेच वागते. फरक दिसतो तो उलट तपासणीत, म्हणजे रुग्णाचा सीरम (रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) ज्ञात गटाच्या पेशींबरोबर मिसळून पाहिल्यावर. येथेही एक खाच आहे: अनेक ठिकाणी उलट तपासणीला केवळ ए आणि बी पेशी वापरतात. ओ पेशी वापरल्या नाहीत, तर बॉम्बे गट याही पायरीवरून निसटतो. म्हणून रक्तपेढीत जाऊन स्पष्ट शब्दांत विचारा की उलट तपासणीत ओ पेशी घेतल्या होत्या का.

ओ पेशींबरोबर गुठळ्या झाल्या, म्हणजे लगेच बॉम्बे गट ठरला असेही नव्हे. पूर्वी रक्त घेतलेल्या किंवा अनेक बाळंतपणे झालेल्या व्यक्तीत इतर प्रतिपिंडे असू शकतात, आणि काही आजारांत शरीर स्वतःच्याच लाल पेशींवर उलटते. यासाठी रुग्णाचा सीरम रुग्णाच्याच पेशींबरोबर तपासतात. बॉम्बे गटात तेथे गुठळ्या होत नाहीत. शेवटी एच-विरोधी लेक्टिन (एचला चिकटणारे वनस्पतिजन्य प्रथिन) लावून पेशींवर एच आहे की नाही ते पाहतात. ओ गटाच्या पेशी या लेक्टिनने जोरात गोळा होतात, बॉम्बे गटाच्या होत नाहीत. एचचा पुसटसा अंश शिल्लक असलेला पॅरा-बॉम्बे नावाचा उपप्रकारही असतो आणि तो ओळखायला अनुभवी तंत्रज्ञ लागतो.

जिल्ह्याच्या रक्तपेढीत लेक्टिन उपलब्ध असेलच असे नाही. अशा वेळी नमुना मुंबईत परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एनआयआयएच या रक्तविज्ञान संस्थेकडे पाठवण्याची विनंती रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना करा. नमुना स्वतः घेऊन जाणार असाल, तर कोणत्या नळ्या आणि किती रक्त लागेल हे आधी फोनवर विचारून घ्या. साधारणतः एक ईडीटीएची आणि एक साधी अशा दोन नळ्या मागतात. नळ्या थंड डब्यात न्याव्यात, पण बर्फ नळीला थेट लागू देऊ नये, कारण रक्त गोठले की पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी पोहोचण्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस निवडा.

हाती आलेल्या अहवालावर गट 'ओएच' किंवा 'बॉम्बे' असा लिहिलेला असावा आणि त्यापुढे आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह याचीही नोंद असावी. 'ओ' असे लिहून कंसात बारीक अक्षरांत 'बॉम्बे' टाकलेला अहवाल स्वीकारू नका. घाईत वाचणारा माणूस मोठे अक्षर वाचतो आणि कंस सोडून देतो.

३. घरातील सर्वांची तपासणी करा

एच घडवणारे एफयूटी-१ हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही प्रती निकामी असतील तरच बॉम्बे गट होतो. भारतातील बॉम्बे गटाच्या अनेक कुटुंबांत या जनुकातील ७२५ क्रमांकाच्या स्थानावर एका अक्षराचा बदल आढळला आहे आणि त्याबरोबरच शेजारचे एफयूटी-२ हे जनुक संपूर्ण गळालेले आढळले आहे. हे संशोधन १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले.

घरच्यांसाठी याचा अर्थ असा, की आईवडील दोघेही ए, बी किंवा ओ अशा सामान्य गटाचे असले तरी ते वाहक असतात, म्हणजे त्यांच्याकडे एक निकामी प्रत असते, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला बॉम्बे गट मिळण्याची शक्यता चारात एक असते. चार भावंडांपैकी एकच या गटाचे असेल असे यातून ठरत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन निघाली. म्हणून रक्तदाता शोधताना सर्वांत आधी सख्खी भावंडे तपासावीत. त्यानंतर चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांकडे वळावे, विशेषतः जेथे जवळच्या नात्यात लग्ने झाली आहेत त्या घरांत.

भावंडे मुंबई, ठाणे, पुण्यात विखुरलेली असतात. सगळ्यांना एका ठिकाणी आणणे हाच खरा प्रश्न. गणपतीला चाकरमानी घरी येतात तेव्हा, किंवा शिमग्याला, हे काम करून टाकावे. रक्तपेढीला आठ-दहा दिवस आधी कल्पना दिली, तर एका सकाळी सगळ्या घराचे नमुने घेता येतात. सणाच्या दिवसांत कर्मचारी कमी असतात, म्हणून चतुर्थीचा दिवस टाळून त्याआधीचा किंवा गौरी गेल्यानंतरचा दिवस ठरवा.

एक सूचना अगदी आवर्जून. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बी घडवणारे जनुक असू शकते. एच नसल्यामुळे ते त्याच्या लाल पेशींवर दिसत नाही, एवढेच. मात्र मुलाला दुसऱ्या पालकाकडून एच मिळाला, की ते जनुक मुलात उघडपणे दिसते. त्यामुळे आईच्या कार्डावर ओ, वडिलांच्या कार्डावर ओ आणि मुलाचा गट बी, असे घडू शकते. यात आईच्या चारित्र्याचा काडीचाही संबंध नाही. सासरी कोणी कुजबुज सुरू करण्याआधी रक्तपेढीच्या डॉक्टरांकडून हे दोन ओळींत लिहून घ्यावे आणि तो कागद अहवालाबरोबर ठेवावा.

४. संशोधनासाठी नमुना मागितला तर

दुर्मीळ गट असल्यामुळे एखादी संस्था तुमचा डीएनए नमुना संशोधनासाठी मागू शकते. तो द्यावा असे माझे स्वतःचे मत आहे, कारण आज जी तपासणी आपल्याला उपलब्ध आहे ती अशाच कुटुंबांनी दिलेल्या नमुन्यांमुळे उभी राहिली. तरीही संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि मगच सही करा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनातील सहभाग ऐच्छिक असतो आणि तो कधीही मागे घेता येतो. नकार दिला म्हणून उपचारात उणे-अधिक करता येत नाही. नमुना किती काळ ठेवणार, नाव गुप्त राहणार का, पुढे दुसऱ्या अभ्यासासाठी वापरणार का आणि नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे चार प्रश्न विचारा. संमतीपत्राची एक प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे.

५. कागदपत्रांची फाइल आणि खिशातील कार्ड

पुढील कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा:

- संदर्भ प्रयोगशाळेचा मूळ अहवाल, सही-शिक्क्यासह
- आरएच गटाची आणि प्रतिपिंड चाचणीची नोंद
- आधी कधी रक्त घेतले असल्यास त्या रुग्णालयाचा सारांश
- तपासलेल्या नातेवाइकांचे अहवाल आणि त्यांचे सध्याचे राहण्याचे गाव
- ओळखपत्राची प्रत
- गरोदर स्त्री असल्यास माता-बाल संरक्षण कार्ड, ज्याच्या पहिल्या पानावर गट लाल शाईने दुरुस्त केलेला असावा

खिशातील कार्डावर मजकूर थोडका पण ठळक हवा: रक्तगट बॉम्बे, आणि त्याखाली 'ओ निगेटिव्हही देऊ नये'. ही दुसरी ओळ माझ्या मते पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. अपघात विभागात गट तपासायला वेळ नसेल तेव्हा ओ निगेटिव्ह रक्त चढवण्याची पद्धत सर्वत्र आहे, कारण ते सर्वांना चालते असे मानतात. बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र तेच घातक ठरते. कार्ड मराठीबरोबर इंग्रजीतही छापून घ्या, कारण सिंधुदुर्गातील रुग्णाला गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात हलवावे लागले तर तेथे मराठी वाचणारा माणूस समोर असेलच असे नाही. आधार कार्डाच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी, जुना वाहन परवाना, शाळेचा दाखला, अशा सर्व ठिकाणी लिहिलेला 'ओ' शोधून दुरुस्त करा.

६. नोंदणी करा, पण नंबर उधळू नका

एनआयआयएच दुर्मीळ रक्तदात्यांची नोंदवही ठेवते. तेथे नाव द्या आणि आपल्या जिल्ह्याच्या शासकीय रक्तपेढीतही द्या. ई-रक्तकोष या शासकीय संकेतस्थळावर रक्तगटाच्या यादीत ओ आणि ओएच हे वेगवेगळे पर्याय आहेत. शोध घेताना घाईत ओ निवडला, तर दिसणारी यादी तुमच्या काहीच कामाची नसते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांपासून दूर राहा. एकदा नंबर तेथे गेला, की रुग्ण बरा होऊन घरी गेल्यानंतरही महिनोन्महिने फोन येत राहतात, आणि त्या गर्दीत खरा फोन हरवतो. पैसे मागणारा कोणीही भेटला तर तेथेच थांबा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्ताची विक्री करणाऱ्या व्यावसायिक दात्यांकडून रक्त घेण्यास बंदी आहे. रक्तपेढी घेते ते तपासणी आणि प्रक्रियेचे शुल्क असते, आणि त्याची पावती मिळते.

७. तुम्ही स्वतः दाता असाल तर

गावच्या शिबिरात उत्साहाने रक्त देऊ नका. तुमची पिशवी ओ म्हणून साठवली जाईल आणि ज्याला ती हवी आहे त्याला कधीच मिळणार नाही. शिवाय तुमच्या प्लाझ्मातील एच-विरोधी प्रतिपिंडे इतर रुग्णांना अपाय करू शकतात. साठवणीच्या द्रवानुसार लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. पुरुषाला पुढचे रक्तदान ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी करता येते. म्हणजे विनाकारण दिलेली पिशवी मुदत संपून फेकली जाते आणि नेमक्या त्या काळात गरज निघाली तर तुम्ही देऊ शकत नाही.

म्हणून रक्तपेढीकडून लेखी मागणी आली, रुग्णाचा गट संदर्भ प्रयोगशाळेने पक्का केला आहे याची खात्री झाली, की मगच निघा. हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागते. मलेरियातून बरे झाल्यावर तीन महिने थांबावे लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर हा प्रश्न हमखास येतो. दात्याने प्रवास करावा की पिशवीने, हे दोन्हीकडच्या रक्तपेढ्यांना ठरवू द्या. पिशवी प्रवास करणार असेल तर ती पेढीकडून पेढीकडे, २ ते १० अंश तापमान राखणाऱ्या पेटीतूनच जावी. नातेवाइकाने ती पिशवीत घालून एसटीने नेणे चालत नाही.

८. ठरवून होणारी शस्त्रक्रिया आणि बाळंतपण

येथे वेळ हाताशी असतो, आणि तो पूर्ण वापरावा. पहिले काम हिमोग्लोबिनचे. रक्ताची पिशवी दुर्मीळ आहे, पण लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली राहिले, तर पुरेसा अवधी असतानाच डॉक्टरांना शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. नवव्या महिन्यात हे सुचून उपयोग होत नाही.

दुसरे काम ठिकाण ठरवण्याचे. जेथे चोवीस तास रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ आहेत अशाच रुग्णालयात नाव नोंदवा. देवगड-मालवणकडचे लोक ओरोस किंवा बांबोळीचा विचार करतात, राजापूर-लांज्याकडचे रत्नागिरी किंवा कोल्हापूरचा, चिपळूण-खेडकडचे डेरवण किंवा थेट मुंबईचा. कोल्हापूरचा पर्याय धरला असेल, तर आंबा, गगनबावडा, फोंडा हे घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतात हे लक्षात ठेवा. टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नये. बाळंतपणाची तारीख त्या दिवसांत येत असेल, तर काही दिवस आधीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवावा. आम्ही तेच केले. पाहुण्यांना त्रास होतो ही भीड येथे कामाची नाही.

तिसरे, रुग्णाचे स्वतःचेच रक्त. प्रकृती चांगली आणि हिमोग्लोबिन ११ किंवा अधिक असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे रक्त काढून त्याच्यासाठीच राखून ठेवता येते. शेवटचे संकलन शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी व्हावे लागते. गरोदर स्त्रीबाबत हा निर्णय प्रसूतितज्ज्ञ आणि रक्तपेढीचे डॉक्टर दोघांनी मिळून घ्यायचा असतो. मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेदरम्यान सांडलेले रक्त धुऊन परत देणारे यंत्र असते, त्याचीही चौकशी करा. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या लाल पेशी उणे ६५ अंशांच्या खाली दहा वर्षांपर्यंत राहू शकतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि वितळवून धुतलेली पिशवी सहसा २४ तासांत वापरावी लागते.

चौथे, रक्तस्राव थांबवण्याची तयारी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०,०६० स्त्रियांचा समावेश असलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत असे दिसले, की बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात ट्रॅनेक्सामिक ॲसिड ३ तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. हे औषध महाग नाही. ते प्रसूतिकक्षात तयार ठेवाल का, हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे पण आधीच विचारण्यात संकोच करू नका.

९. अचानक गरज पडली तर

रुग्णालयात पोहोचताच, नाव सांगण्याबरोबरच, गट बॉम्बे असल्याचे सांगा आणि अहवाल दाखवा. केसपेपरच्या पहिल्या पानावर व रुग्णाच्या खाटेवर तशी नोंद करून घ्या. पाळी बदलली की नव्या परिचारिकेला पुन्हा सांगा. रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः बोलावे असा आग्रह धरा. नातेवाइकाच्या तोंडून गेलेला निरोप 'ओ पाहिजे' एवढाच होऊन पोहोचतो. येथे सांगितलेले निर्बंध प्रामुख्याने लाल पेशींचे आहेत. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स यांचा निर्णय रक्तपेढीचे डॉक्टर वेगळा घेतात. त्याच वेळी घरातील एका माणसाकडे फोनचे काम सोपवा, आणि त्याने नोंदवही, जिल्ह्याची रक्तपेढी व तपासलेली भावंडे याच क्रमाने फोन करावेत.

पिशवी लावण्यापूर्वी तिच्यावरील गट आणि क्रमांक जुळवणीच्या कागदाशी ताडून पाहिला जातो. तेव्हा शेजारी उभे राहा. रक्त सुरू झाल्यावर थंडी, ताप, कंबरेत कळ, धाप किंवा लालसर-काळी लघवी यांपैकी काहीही दिसले, तर परिचारिकेला तत्काळ बोलावून रक्त थांबवायला सांगा. रक्तसंक्रमणातील अशा प्रतिक्रियांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून सुरू आहे आणि त्याचे काम नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्थेकडून चालते. प्रतिक्रिया आल्यास तिची नोंद त्या कार्यक्रमाकडे पाठवावी अशी लेखी विनंती रक्तपेढीला करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.